पिवळीची चाहूल

होल्गर घरी पोचायच्या वीस मिनिटं आधी त्याच्या येण्याचा आवाज अंगणात पोचायचा. खडीवर चाकं करकरत, गाडीचं दार धपकन लागे, पायरीवर बूट तीनदा घासले जात. बाहेर बघावं तर कुणी नाही. त्याची बायको टायरा चाळीस वर्षं त्या आवाजावर कॉफी ठेवत आली होती. वेर्मलंडच्या रानात याला 'वोर्द' म्हणतात, माणसाच्या पुढे धावणारी त्याची चाहूल. तिचं कुणाला नवल नाही.

जन्मभर गॅरेजात राबलेला हा माणूस तसा घुम्या, पण व्होल्वो ८५०चा विषय निघाला की आवरायचा नाही. लांब पाठीच्या दोन टर्बो गाड्या होत्या त्याच्याकडे: पिवळी टी-फाइव्ह-आर आणि तिच्यानंतरच्या वर्षी निघालेली तांबडी आर.

"पिवळी मायाळू. ऑटोमॅटिक, बसलं की झालं," तो सांगे. "तांबडीला हातचे गिअर, टर्बो मोठा. पाय दाबला की क्षणभर काहीच नाही, आणि मग पाठीत लाथ!"

"तुझं त्याच्या उलट," टायरा म्हणे. "आधी आवाज, मग माणूस. आधी कळस मग पाया!"

तांबडीत बसताना मात्र तिची पाचावर धारण बसे. होल्गरची सत्तरी उलटली, नजर अधू झाली, तेव्हा एकच गाडी ठेवायचं ठरलं.

"तांबडी विक रे," तिने विनवलं. "घोड्याएवढी एल्क-हरणं आडवी येतात रस्त्यात. तुला धड दिसत नाही आता."

"एल्कला मी दिसतो ना? मग झालं!"

हेकट म्हातारा! पिवळीच विकली त्याने, कार्लस्टाडच्या कुणाला तरी. टायराने अबोला धरला.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तो तांबडी घेऊन आर्विकाला गाडीच्या वार्षिक तपासणीला निघाला. "अडीचपर्यंत येतो," म्हणाला. ती भांडी विसळत राहिली.

दोन वाजून दहा मिनिटांनी खडी करकरली. टायराने कॉफीचा डबा उघडला आणि चमचा हातातच राहिला. ती घुरघुर तांबडीची नव्हती. मऊ, संथ, पिवळीची होती. दार लागलं. बूट तीनदा घासले. बाहेर धुकं आणि रिकामं अंगण.

तरी तिने दोन कप मांडले. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. मग खरीच गाडी आली, पण शेजारच्या सिक्स्टेनची. टोपी हातात धरून तो पायरीखालीच उभा राहिला.

"टायरा... चर्चच्या वळणावर. एल्क."

"कधी?"

"दोन दहाला."

दोन हिवाळे झाले. पिवळीची चाहूल रोज दोन दहाला येते.

"आता कोण यायचं राहिलंय गं?" सिक्स्टेन कळवळून विचारतो. "कॉफी फुकट जाते."

"त्याची वोर्द कधी खोटी पडली नाही," ती सांगते. "टर्बोला वेळ लागतो."

आज तिने कॉफी ठेवलीच नाही. कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन, दुपारी दोनपासून ती दाराशी बसली आहे. पिवळीत बसायची तिला कधीच भीती वाटली नव्हती.