पहिली रांग राखीव

“अशीच मुलगी हवी होती. ऐकते सगळं, बोलत काही नाही.”

वकीलसाहेब हे माझ्याबद्दल सुभासाहेबांना सांगत होते, आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसून पेन्सिलीला टोक काढत होते. मी वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. रविवारी ते मद्यपान-निषेध मंडळीचे सेक्रेटरी असत, म्हणून रविवारी मीही त्या मंडळीची. काम मिनिट्स घेण्याचं. म्हणजे सभेत कोण काय म्हणालं आणि काय ठरलं, ते शॉर्टहँडमध्ये टिपायचं. शॉर्टहँडमध्ये अक्षरं नसतात, उच्चारांच्या रेघा असतात. सभा मराठीत चाले आणि मिनिट्स इंग्रजीत जात. मिशनच्या शाळेत शिकल्याचा माझा हा एवढाच उपयोग होता.

मी या कामाला हो का म्हटलं, ते ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. माझा थोरला भाऊ पीत असे. वहिनी मुलीला घेऊन नवसारीला माहेरी गेली होती. ‘महिनाभर कोरडे राहिले तर येईन’, एवढंच तिने कळवलं होतं. मला वाटलं, मंडळीत काही उपाय कळेल.

मंडळीचे सभासद अकरा. अकराही जणांनी दारू सोडल्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. त्यांच्यापैकी एकही जण कधी प्यायलेला नव्हता.

“पिणारे येत का नाहीत?” सुभासाहेबांनी विचारलं. ते मंडळीचे अध्यक्ष. निवृत्त होईपर्यंत सुभा म्हणून अख्खा जिल्हा त्यांच्या हाताखाली होता, त्यामुळे बोलावलं की माणसं येतात अशी त्यांची समजूत होती.

“मानाने बोलावलं पाहिजे,” वकीलसाहेब म्हणाले.

मग भर शहरात, मांडवीच्या चौकात छापील नोटीस लागली. मद्यपी गृहस्थांसाठी पहिली रांग राखीव. पाच खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घातल्या. तीन रविवार त्या खोळींना सुरकुतीसुद्धा पडली नाही.

चौथ्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ येऊन पहिल्या रांगेत बसले. टाळ्या पडल्या. सुभासाहेबांनी नाव, वडिलांचं नाव आणि नोकरीचं खातं विचारलं.

“गणपतराव. पूर्वी महाराजांच्या पागेत घोडेस्वार होतो. आता खोगिरांचं दुकान आहे.”

“किती पिता?”

“आता नाही पीत, साहेब. सहा वर्षं झाली.”

“मग पहिल्या रांगेत कसे बसलात?”

गणपतराव उठून तिसऱ्या रांगेत गेले. तिथून त्यांनी काही सांगायला हात वर केला, पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. थोड्या वेळाने ते निघून गेले. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने मागोमाग गेले.

“काय सांगणार होतात?” मी विचारलं.

“काही नाही हो. संध्याकाळी गुत्त्यावर जायची वेळ झाली की आम्ही पाच-सहा जण माझ्या दुकानात बसतो. तास-दीड तास. तेवढी वेळ टळली की झालं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचं कोण, बेन?”

“भाऊ.”

“उद्या घेऊन या.”

दादा म्हणाला, “तूच जा. माझ्या वतीने मिनिट्स घेऊन ये.”

सोमवारी मी एकटी गेले. शहरात मोटारी वाढल्यापासून खोगिरांना गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे बसायला जागा भरपूर होती. पागेतली हजेरीची पद्धत गणपतरावांनी तशीच ठेवली होती. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं आणि न पिता किती दिवस झाले तो आकडा सांगायचा.

“हजर, चाळीस.”

“हजर, तीनशे दोन.”

एक शिंपी खाली बघत म्हणाला, “हजर, शून्य.”

“काल तर नऊ होते, मास्तर! पडलात घोड्यावरून?” कोणीतरी म्हणालं. “चढा परत. घोडा कुठे जात नाही.”

सगळे हसले. शिंपीही हसला. त्याला चहा सगळ्यांइतकाच मिळाला. मी सवयीने वही उघडली होती. गणपतराव म्हणाले, “वही ठेवा, बेन. इथलं बाहेर जात नाही.”

घरी येऊन मी दादाला एवढंच सांगितलं, की शून्यालाही पूर्ण कप मिळतो. मंगळवारी तो आला. दारात बराच वेळ चपला काढत राहिला. मग म्हणाला, “हजर, शून्य.”

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दाढी करता करता त्याने विचारलं, “तुझ्या साहेबांना माझं माहीत आहे?”

“नाही.”

“वा! मी रोज सहा जणांसमोर ओरडून सांगतो, आणि बाईसाहेब अजून लपवतायत.”

त्याच दुपारी मंडळीत सुभासाहेबांनी ठराव मांडला: ‘चार महिने प्रयत्न करूनही शहरात एकही मद्यपी आढळला नाही. सबब मंडळीचे कार्य सिद्धीस गेले आहे. महाराज विलायतेहून परतताच अहवाल हुजुरात सादर करावा.’

टाळ्या. ठराव एकमताने मंजूर.

वहिनी महिना भरायच्या दोन दिवस आधीच परत आली, पण ते पुढचं. त्या दुपारी मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजली. मिनिट्स घेणारी गप्प बसते, म्हणून पुष्कळ ठराव एकमताने होतात.

“लिहिलं ना?” वकीलसाहेबांनी विचारलं.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि उभी राहिले.

“नाही लिहिलं, साहेब. शहरात एक तरी आहे. माझा सख्खा भाऊ. आज त्याचा बारावा दिवस.”