ईश्वरभाऊची सातवी गादी

धरणगावात पोरगी सासरी निघाली की तिच्यामागून टेम्पोत ईश्वरभाऊची गादी निघते. वीस वर्षं हा माणूस कापूस पिंजतोय. नुसता हात फिरवून गादीत किती किलो कापूस आहे ते सांगतो, आणि कुणी न विचारता सांगतो. अशा गादीवाल्याला स्वतःची लेक झोपवता येईना, म्हणजे कमालच झाली.

मोनाली चार वर्षांची. जळगावच्या शिशुगृहातून तिला दत्तक घेऊन पंधरा दिवस झाले होते. दिवसा खायची, खेळायची, पण हाक कुणालाच मारायची नाही. रात्र झाली की खास तिच्यासाठी शिवलेल्या गादीवरून उतरायची आणि दाराशी भिंतीला टेकून टक्क जागी बसायची. रडायची नाही, हेच ईश्वरला जास्त लागायचं. हिला हे घर आपलं वाटलंच नाही तर?

मग साहेबांनी दोष गादीत शोधायला घेतला. जाड असेल म्हणून उसवून कापूस काढला. मऊ असेल म्हणून पुन्हा ठासून भरला. खोळ बदलली. सहाव्यांदा उसवायला घेतली तेव्हा बायको, ज्योत्स्ना, कावली.

"गादीमा काय देखतस? पोरना मनमा काय शे ते देखा!"

तिनंच शिशुगृहातल्या झुंबरबाईंना फोन लावून दिला. ईश्वरने पहिलं काय विचारावं? "मावशी, तिकडची गादी किती किलोची होती?"

"गादी कुठली भाऊ, सतरंजी होती," झुंबरबाई हसल्या. "रात्रपाळीला मी पोरांमध्ये गोधडी शिवत बसायची. माझी सुई चालू दिसली की मोनाली निजायची. थांबली की उठून बसायची. कुणीतरी जागं लागतं तिला."

त्या रात्री ईश्वर दाभण घेऊन तिच्याशेजारी तीच उसवलेली गादी सातव्यांदा शिवायला बसला. मोनाली बघत राहिली. हळूहळू सरकत गादीच्या कडेला आली. तिचे डोळे जड झाले, पण दिवसभर कापूस पिंजून दमलेला ईश्वरच आधी बसल्या जागी पेंगला आणि आडवा झाला. दारातून पाहणाऱ्या ज्योत्स्नाला वाटलं, आता ही उठणार.

मोनाली उठली. दाराकडे एकदा पाहिलं. मग ईश्वरच्या हातातलं दाभण हळूच काढून तिनं दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवलं आणि त्याच्या पाठीवर थोपटायला लागली.

"बाबा, झोप तू. मी आहे जागी," ती म्हणाली.

आणि थोपटता थोपटता तिथंच लवंडून झोपली.