अक्काच्या पाठीमागचा दगड

दुपारचं जेवण झालं की मन्मथअप्पा आरामखुर्चीत पुस्तक छातीवर उपडं ठेवून डोळे मिटतात. पंखा घरघरतो आहे. हळूहळू पंखा नाहीसा होतो, घरघर तेवढी उरते, आणि आता ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या, बाटल्या हलवणाऱ्या यंत्राची आहे. बाटल्यांत ग्रॅनाइटचा भुगा डुचमळतो आहे.

उद्या सकाळी अक्काच्या गावात नव्या टाकीचा नळ त्यांच्या हातून सोडायचा आहे. गावच्या बोअरच्या पाण्यात युरेनियम निघालं, तेव्हा रसायनाचे निवृत्त मास्तर म्हणून गावानं त्यांनाच विचारलं. त्यांनी टाकीत ग्रॅनाइटच्या खडीचा जाड थर घालायला सांगितला. युरेनियम दगडाला चिकटून राहतं, खाली चांगलं पाणी उतरतं. पुस्तकात बघून त्यांनी केलेल्या प्रयोगात, बाटल्यांत तरी तसंच झालं होतं.

"मन्म्या, वाकून ये. डोकं आपटंल."

अक्का! दोन वर्षांपूर्वी गेलेली थोरली बहीण, गुरुबाई. प्रयोगशाळेच्या दाराआड तिच्या समाधीचा खड्डा आहे. लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवलं होतं, तशीच ती अजून मांडी घालून बसली आहे. कपाळाला भस्म, पाठीमागे ओला खडक.

"बस. जागा कमी हाय, पण तू तरी कुठं मोठा हाईस? पुस्तक आणलास का? त्याच्याबिगर तू परसाकडंबी जात नव्हतास."

अप्पा ओशाळून हसतात. "अक्का, तू कशानं गेलीस गं? पाण्यानंच का?"

"तुला ठाऊक नाही, डाक्टरला ठाऊक नाही. मला कुणी सांगावं? हितं हात लाव."

ते खडकावर तळवा टेकवतात. गार. भेगेतून पाणी झिरपतं आहे आणि त्या पाण्यातलं युरेनियम त्यांना चक्क दिसतं, हळदीच्या बोटासारखं पिवळं. पांढऱ्या गारगोटीवरून ते बरंचसं घसरून जातं, पण अभ्रकाच्या काळ्या पापुद्र्यांना, लोखंडाच्या तांबूस गंजाला घट्ट बिलगतं. अप्पांना एकदम हुशारी येते.

"बघ, अक्का! दगडाच्या अंगावर ऑक्सिजन असतो, तो याला धरून ठेवतो. शंभरातलं पंच्याण्णव धरतो!"

"कुठल्या पाण्यात?"

"शुद्ध. ऊर्ध्वपातित."

"म्हंजे?"

"त्यात दुसरं काहीच नसतं."

अक्का हसत नाही. "आमच्या पाण्यात कधी काहीच नव्हतं का रे? डाळ शिजायची नाही. घागरीच्या बुडाला पांढरा थर धरायचा."

आता ते तिच्या स्वयंपाकघरात आहेत आणि खडक चुलीमागेच उभा आहे. अक्का घागर कलंडवून ते पाणी त्याच्यावर ओतते. पिवळा रंग थरथरतो. मग अभ्रकावरून, गंजावरून सुटतो आणि ओहोळासारखा चुलीपाशी, परातीत, झाकून ठेवलेल्या भाकरीखाली जातो.

का सुटला, हे अप्पांना कुणी सांगायला नको. चुनखडीचं पाणी. त्यातलं कार्बोनेट आणि कॅल्शियम युरेनियमला आपल्याकडे ओढून घेतात, मग ते दगडाला धरवत नाही. हे ते वर्गात शिकवत आले. पण पुस्तकातला प्रयोग शुद्ध पाण्यातला होता, आणि पुस्तकाच्या पुढे जाऊन काही करायचं त्यांना कधी धाडसच झालं नाही.

"मग आता?" अक्का विचारते.

"गावासमोर काय तोंडानं बोलू गं?"

"हाय त्याच तोंडानं. मला बोलता येईना, म्हणून तर तुला बोलावलं."

परात काठोकाठ भरते. ओहोळ त्यांच्या पायाला लागतो, आणि ते जागे होतात.

उन्हं तशीच आहेत. चष्मा न लावताच ते अक्काच्या सुनेला, महानंदाला, फोन लावतात.

"मामा, उद्या लवकर या बरं. शालबी आणून ठेवलीय!"

"महानंदा, ते पाणी कुणी पिऊ नका. माझं चुकलंय." जन्मात पहिल्यांदाच अप्पांनी वाक्याला 'बहुधा' जोडलेलं नाही.

पलीकडे कुणीतरी भांडं आपटतं. महानंदाचा आवाज खाली येतो. "मामा... लोकांनी सकाळीच नळ सोडला की. अंगणवाडीतबी तेच पाणी गेलंय."

"ओतून टाकायला सांग. आत्ता पळ. मी गाडी धरून येतोच."

फोन ठेवताना त्यांना गाल ओला लागतो. फोन धरलेला उजवा तळवा बघतात, तर त्यावर करडी, गार, ओली वाळू आहे. ते मोरीत जाऊन हात धुतात. वाळू वाहून जाते. तळव्याच्या रेषांत अभ्रकाचे काळे, चमकणारे कण तेवढे राहतात.