उंच ग्लासातली चेरी

सन्डेचा ग्लास उंच, खाली निमुळता. कितीही घासा, तळाला काहीतरी चिकटून राहतंच. नाशिकरोडला शेटच्या आईस्क्रीमच्या दुकानात मी वर्षानुवर्षं ते ग्लास धुतले. हे किस्से तिथलेच, तळाला राहिलेले.

*

शेटनं सन्डे, म्हणजे तळाला बिस्कीट नि वर फळं घातलेलं आईस्क्रीम, सुरू केला तेव्हा लोकांना फक्त कुल्फी ठाऊक. घोटीचे एक तांदूळवाले आले. एक चमचा खाल्ला नि ग्लास मागं सरकवला. "शेट, घसा बसलाय. जरा गरम करून द्या."

शेट म्हणाला, "नुसतं बघत बसा. आपोआप होतंय."

*

चतुर्थीला त्र्यंबकेश्वराहून परतणाऱ्या एक बाई आल्या. "उपासाला चालतं का हो?"

"दूध, साखर, फळं. न चालायला काय झालं?"

"आणि ते बिस्कीट?"

"ते तळाला आहे, ताई. तिथवर पोचेपर्यंत चंद्र उगवतो."

*

लाईट गेली की सगळा माल पातळ. शेट दारात उभा राहून एकलहऱ्याच्या दिशेनं शिव्या द्यायचा, "वीज बनवता शेजारी, नि अंधार आम्हाला?"

त्याची मुलगी निर्मला लग्नाची. एका स्थळाला ती सावळी वाटली, दुसऱ्याला फार बोलकी. शेटनं ठरवलं, आता जावई एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातलाच. "शिव्या तरी घरच्या माणसाला देता येतील."

*

सन्डेच्या डोक्यावर लाल चेरी असायची, डब्यातली, महागाची. लोकांना वाटायचं, ती नुसती शोभेची. बाजूला काढून ठेवायचे. शेट मला म्हणायचा, "मावशी, चेरी धुऊन इकडं द्या." मग तीच पुढच्या ग्लासावर.

निर्मला म्हणायची, "बाबा, हिला माझ्यापेक्षा जास्त लोक बघून परत गेले."

नवा डबा शेटनं कपाटात कुलपात ठेवला होता. तो म्हणे साखरपुड्यालाच फोडायचा.

*

एकलहऱ्याचा मुलगा आईवडिलांसोबत दुकानातच बघायला आला. "मान खाली, तोंड बंद," शेटनं निर्मलाला बजावलं. तिघांपुढं सन्डे ठेवले. वरच्या चेऱ्या त्याच जुन्या, मीच सकाळपासून धूत होते.

मुलानं चेरी चमच्यात घेऊन तोंडाशी नेली. निर्मलाला राहवलं नाही. हात लांब करून तिनं ती उचलली नि स्वतःच्या तोंडात टाकली.

शेट पांढराफटक. मुलाची आई निर्मलाकडं वळली. मग हसली.

"एवढी आवडते? आमच्या घरी कुणी हौसेनं काही खातच नाही बघ. घे गं, माझीपण घे." मुलाच्या वडिलांनीही आपली दिली.

निर्मलानं दोन्ही खाल्ल्या. सावकाश, बापाकडं बघत.

मग म्हणाली, "बाबा, सासूबाईंचा ग्लास ओकाबोका दिसतोय. कपाटातला डबा काढा."