सायलेन्सरचा आवाज

फिटरदादा निवृत्त झाले आणि त्यांना आपल्या जुनाट मोटारसायकलचं खूळ लागलं. आमच्या गल्लीची फुकट करमणूक झाली. तिचा सायलेन्सर गंजून गळून पडला होता आणि तसा नवा कुठे मिळेना. दादांनी घरीच पाइप कापून वेल्डिंग केलं, आत भोकं पाडलेली नळी बसवली. गाडी झकास पळायला लागली, तरी दादा "तो आवाज नाही" म्हणत पुन्हा सगळं खोलायचे.

"दादा, या वयात छाप पाडायचीय तरी कुणावर?" मी डोळा मारला.

"तुझ्या वहिनीवर. ती सगळ्यांना विसरली, मलासुद्धा. पूर्वी या आवाजाला धावत येऊन दार उघडायची. निदान तो ऐकून तरी मला ओळखेल."

मी बाजूला पडलेला पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

एका संध्याकाळी आवाज जमला. गाडी दारात धडधडली तशी वहिनी केस सारखे करत लगबगीने बाहेर आल्या. दादा हसत पुढे झाले. वहिनींनी त्यांना हाताने बाजूला सारलं.

"सरका हो काका," रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आमचे हे आलेत."