गाणं थांबलं तेव्हा मी उभी होते

भुताखेतांवर, शकुनांवर, "मला आतून जाणवलं" वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही. मी रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. चोवीस वर्षं झाली, त्यातली अकरा चेन्नईत. माणसं किती निरागस चेहऱ्याने थापा मारतात ते मी रोज बघते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते आधी मी स्वतःच उलटंपालटं करून तपासलंय... आणि तरी माझ्याकडे उत्तर नाही.

आम्ही अण्णा नगरला राहतो, मी आणि माझी मुलगी सानिका. तिचे बाबा गेल्यापासून दोघीच. सानिका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दोन वर्षांपासून तिला इथल्या एका तमिळ मेटल बँडचं वेड लागलंय. नाव मुद्दाम देत नाही. प्रत्येक शोहून ती कोपरावर, खांद्यावर काळेनिळे डाग घेऊन यायची.

"आई, पिटमध्ये धक्के लागतातच. पण तिथे सगळे एकमेकांना सांभाळतात."

पिट म्हणजे स्टेजसमोरची मोकळी जागा, जिथे ही मंडळी गोल गोल धावत एकमेकांवर आदळतात. वर म्हणे सांभाळतात! दारू असणार, गोळ्या असणार, नाहीतर एखादा मुलगा असणार, अशी माझी खात्री होती. शेवटी मी अट घातली - एकदा मी स्वतः येणार, डोळ्यांनी बघणार, आणि पटलं नाही तर यापुढे शो बंद. ती लगेच हो म्हणाली. तिला एवढा भरवसा होता, आणि त्यामुळेच माझा संशय वाढला.

शो रविवारी, दुपारी चारचा. वडपळणीला मेट्रोने उतरून दहा मिनिटांवर एक जुनं गोडाऊन आहे, त्याचा हॉल केलाय. खुर्च्या नाहीत, खाली काळा सिमेंटचा कोबा. सगळे काळ्या टी-शर्टात, आणि मी पिवळ्याधमक सुती साडीत. मुद्दाम नेसले होते. आपली आई बघतेय हे सानिकाला लांबूनही दिसायला हवं होतं.

मी मागे, बाथरूमकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. सकाळपासून छातीत जळजळत होतं. वडा बाधला असेल म्हणून सोडून दिलं.

आवाज असा की दात हलतील! तिसऱ्या गाण्याला पिटमध्ये एक जाडजूड गृहस्थ धाडकन पडले. मी म्हटलं, झालं, तुडवलं बिचाऱ्याला. पण डोळ्याची पापणी लवायच्या आत आठ-दहा हात खाली गेले आणि माणूस उभा. चौघांनी त्याच्याभोवती कडं केलं, एकाने मोबाईलच्या उजेडात त्याचा चष्मा शोधला, टी-शर्टला पुसून त्याच्या हातात दिला. मी आपली बघतेय, चष्माच शोधला ना, की पाकीटही? पाकीट जागेवर होतं. त्याने स्वतःच खिसा चाचपला.

त्यानंतर थोड्या वेळाने मला दरदरून घाम फुटला. डावा हात जड झाला. तोंडावर पाणी मारावं म्हणून मी बोळातून बाथरूममध्ये गेले, दार लोटलं आणि कडीला हात घातला...

गाणं मध्येच तुटलं. संपलं नाही, तुटलं.

"स्टॉप! स्टॉप! अंगे यारो विळुंदुट्टांगा!" गायक विकी माईकवर ओरडत होता. तिथे कुणीतरी पडलंय. "डावीकडे! पिवळी साडी, एक अम्मा! बाजूला व्हा, उचला त्यांना!"

मी दार उघडून बाहेर आले. पिट दुभंगला होता. मधोमध मोकळं रिंगण, आणि त्यात कुणीही नाही. त्या गर्दीत पिवळी साडी एकच. हळूहळू सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. मी तर दोन पायांवर उभी! कुणी हसलं नाही, हे मला जास्त खटकलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सानिकाने हे ठरवून केलंय, बँडच्या लोकांना सांगून ठेवलंय, म्हाताऱ्या आईची गंमत! मी तरातरा त्या रिंगणात गेले. सानिका धावत आली.

"आई, प्लीज, सीन करू नकोस. मी कुणाला काही सांगितलं नाहीये. शपथ!"

"शपथा मला रोज ऐकायला मिळतात," असं मी म्हणाले, एवढंच आठवतं.

पुढचं सानिकाने सांगितलं. मी तिच्या अंगावरच कोसळले. हृदय बंद पडलं होतं. विकीचं ओरडणं ऐकून प्रेक्षकांतली एक डॉक्टर मुलगी आधीच रिंगणाच्या कडेला येऊन उभी होती. तिने तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात केली. बाकीच्यांनी हात धरून कडं केलं, आणि एवढ्या तीनशे माणसांत कुणी एक पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाही. अँब्युलन्सही लवकर आली. कारण गेटवरच्या व्हॉलंटियरने विकी ओरडला तेव्हाच फोन लावला होता. त्याच्या मोबाईलवर वेळ पाच बारा आहे. सानिकाच्या मैत्रिणीच्या व्हिडिओत मी पडते तेव्हा पाच चौदा.

घरी आल्यावर तो व्हिडिओ मी वीसेक वेळा पाहिला. विकीने मला आधी स्टेजवरून पाहिलं असेल, चेहरा ओढलेला दिसला असेल. शक्य आहे. पण मी तेव्हा बोळाच्या आत होते, दाराआड. आणि तो बोट दाखवत होता ते बरोबर त्या जागेकडे, जिथे मी दोन मिनिटांनी पडले. बरं, तो ओरडला नसता तर मी तिथे गेलेच नसते...

त्याआधी, मी हॉस्पिटलमध्ये असतानाच विकी भेटायला आला होता. केसांचा अंबाडा, हातात शहाळं, चप्पल खोलीबाहेर काढलेली. मी त्याला विनातिकीट प्रवाशासारखं फैलावर घेतलं. कुणी सांगितलं होतं? काय घेतलं होतंस?

"काही नाही आंटी. सानिका तुमची मुलगी, हेसुद्धा मला नंतर कळलं."

"मग काय दिसलं तुला? नीट सांग."

त्याने शहाळं टेबलावर ठेवलं.

"तुम्ही पडलेल्या दिसलात. आणि कुणीच उचलत नव्हतं. आमच्या शोमध्ये असं कधी होत नाही, आंटी. पडला की उचलायचा, मग तो कुणी का असेना. तुमच्याजवळ कुणीच येईना. मी घाबरलो, म्हणून गाणं थांबवलं."

"पिटमध्येच पडले होते?"

"तिकडेच दिसलं. पण..." तो ओशाळला. "तुमच्याखाली पांढऱ्या टाइल्स होत्या. मला वाटलं, लाइटमुळे तसं दिसतंय."

त्या हॉलमध्ये पांढऱ्या टाइल्स एकाच ठिकाणी आहेत. लेडीज बाथरूममध्ये. बँडचं बाथरूम स्टेजमागे वेगळं आहे, मी नंतर व्हॉलंटियरला फोन करून विचारून घेतलं.

विकीला मी हे सांगितलं नाही. सानिकाला सांगितलं. ती माझ्या कुशीत शिरून रडली, आणि मीही रडले.

तुमच्यापैकी कुणाला सरळ, साधा खुलासा सुचत असेल तर जरूर लिहा, मला तो हवाच आहे. मला अजून सापडलेला नाही. सानिका आता शोला जाते, मी अडवत नाही. ती गेली की घरात मी एकटी असते. तेव्हा बाथरूमला आतून कडी लावायचं मात्र मी सोडून दिलंय.