नाक चिमटीत धरून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही, पण ऐका.

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात आमची गायन पार्टी होती. दिवसा गोडाऊनची ड्युटी, संध्याकाळी समाजमंदिरात सराव. मुख्य गायक मी. कोरसला सुषमा — माझ्याच आळीतली, मला दादा म्हणणारी. तिचा गळा माझ्यापेक्षा सरस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फक्त आवाज नाकातून यायचा. तेवढ्या एका दोषावर माझी जागा टिकून होती — आलं ना लक्षात?

एकदा तिने विचारलं, "दादा, माजा आवाज नाकात जातोय का? खरं सांगा, मी रागावनार न्हाय."

उपाय मला येत होता. कल्याणच्या एका मास्तरांनी माझाही आवाज असाच नाकातून सोडवला होता. नाक चिमटीत धरून 'आ' लावायचा. आवाज कोंडला, तर तो नाकातून जातोय. मग जांभई देताना टाळू वर उचलली जाते, तशी ठेवून गायचं. महिनाभराचं काम.

मी म्हणालो, "नाही गं. माईकवर हेच गोड वाटतं." वर तिला तोंड मिटून गुणगुणायचा रियाज दिला. त्याने आवाज आणखीच नाकात बसला. मुद्दाम दिला — हो, मुद्दाम.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला तिला एक कडवं एकटीने गायला मिळालं. पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तिने कडवं पूर्ण केलं, खाली उतरली आणि पुन्हा कधी माईक धरला नाही. मला वाईट वाटलं का? नाही — हायसं वाटलं. हेच तर सांगवत नव्हतं.

गेल्या रविवारी ती लेकीला शिकवायला माझ्याकडे घेऊन आली. पोरीचाही आवाज नाकात. मी पोरीला नाक धरायला लावलं, टाळू उचलायला सांगितलं. शेजारी बसल्या बसल्या सुषमानेही करून पाहिलं. थोड्या वेळाने तिचा 'आ' मोकळा निघाला. बारा वर्षांनी. पेटीवरचे माझे हात थांबले.

"दादा, हे तवा म्हाईत न्हवतं का?"

"नाही," मी म्हणालो. "यंदाच शिकलो."

तिने विश्वास ठेवला. लेकीला म्हणाली, "मामांच्या पाया पड."

पोर वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.